आईवेगळे कोकरू

रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात लाकडाचा एक जुना स्तंभ जपून ठेवलेला आहे. राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या दातृत्वाने हे संग्रहालय १८७५ साली स्थापन झाले आणि १९५३ साली त्याला नवी वास्तू लाभली. स्तंभ मात्र इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा आहे. छत्तीसगडातील किरारी या गावी हिराबांध नावाचा तलाव आहे. १९२१ साली तो आटला, तेव्हा गाळ काढता काढता शेतकऱ्यांना हा खांब सापडला. सुमारे सतराअठराशे वर्षे चिखलात आणि पाण्यात तो सुरक्षित राहिला होता. लोकांनी तो मोठ्या कौतुकाने वर काढला आणि उन्हात ठेवला. ऊन लागताच लाकडाचे पापुद्रे सुटले आणि त्यांबरोबर त्यावर कोरलेली कितीतरी अक्षरे गळून गेली. पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी ती अक्षरे आधीच उतरवून घेतली होती, म्हणूनच त्या लेखातील मजकूर आज अभ्यासकांच्या हाती आहे.

ज्यांनी खांब वर काढला त्यांच्या हेतूत काही उणे नव्हते. दीर्घकाळ ओलीत राहिलेल्या लाकडाला ऊन सोसत नाही, एवढीच गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. वाचविण्याची इच्छा आणि वाचविण्याची जाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगावयास याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या स्तंभावर एका प्राचीन राज्यातील अधिकाऱ्यांची नामावळी आहे. तीत सेनापती आहे, प्रतिहार आहे, नगररक्षक आहे, भांडागारिक आहे. हत्ती, घोडे आणि रथ यांच्यावरची माणसे आहेत. आणि त्यांच्याच पंक्तीत ‘गोमांडलिक’ म्हणजे गुरांच्या कळपांवरचा अधिकारीही आहे. कळप हे राज्याचे धन होते, म्हणून त्यावर अधिकारी होता. पण कळप हा शेवटी एकेका जिवाचा बनलेला असतो; आणि त्यातला सर्वांत दुबळा जीव म्हणजे नुकतेच जन्मलेले, आजारी, आईवेगळे पोर. या पोराचे या देशात काय होत आले? राजाज्ञेने त्याला काय दिले, दानधर्माने काय दिले, मेंढपाळाच्या हाताने काय दिले आणि अलीकडच्या शास्त्राने काय दिले? या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागले म्हणजे दया आणि जाण यांच्या परस्परसंबंधाचा एक लांबलचक इतिहास उलगडत जातो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित म्हैसूर येथे उजेडात आले आणि पंडित शामशास्त्री यांनी ते १९०९ साली प्रसिद्ध केले. त्यातील गोध्यक्षाच्या प्रकरणात गवळ्यांच्या कर्तव्यांची यादी आहे. लहान, म्हातारी आणि आजारी जनावरे यांच्यावर गुराख्यांनी उपचार करावेत, असा तेथे स्पष्ट दंडक आहे. शेळ्यामेंढ्यांची लोकर सहा महिन्यांनी कातरावी, हेही त्याच प्रकरणात सांगितले आहे. दूध काढण्याच्या वेळांचा नियम तर फारच कडक आहे. वर्षातील ज्या दिवसांत जनावराची धार एकदाच काढावयाची, त्या दिवसांत दुसऱ्यांदा धार काढणाऱ्याचा अंगठा तोडावा, असे अर्थशास्त्र म्हणते. हा दंड क्रूर खराच. पण कासेतील दुधावर माणसाच्या आधी आणखी कोणाचा तरी हक्क आहे, हा विचार त्यामागे असावा असे वाटते. मात्र या साऱ्या व्यवस्थेचा पाया हिशेबाचा आहे. जनावर हे राजाचे धन आणि धनाची नासाडी होता कामा नये, ही तिची दृष्टी.

सम्राट अशोकाच्या लेखांत या हिशेबाला करुणेची जोड मिळते. माणसांसाठी आणि पशूंसाठी अशी दोन प्रकारची चिकित्सा आपण सर्वत्र सुरू केली, उपयुक्त वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणवून लावल्या, असे त्याच्या दुसऱ्या शिलालेखात सांगितले आहे. त्याचा पाचवा स्तंभलेख तर प्रस्तुत विषयाच्या अगदी जवळचा आहे. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी काढलेल्या या आज्ञेत, ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची मोठी यादी आहे. त्या यादीत शेळी, मेंढी आणि डुकरीण यांचा उल्लेख येतो तो एका अटीसह: ती गाभण असेल किंवा पिलांना पाजत असेल तर तिला मारू नये, आणि तिची सहा महिन्यांच्या आतील पोरेही मारू नयेत. मेंढीचा सरसकट वध अशोकाने बंद केला नाही. परंतु आई आणि तिचे दूधपिते पोर यांच्यामध्ये सुरी येऊ नये, एवढी रेषा त्याने ओढली. जगाच्या इतिहासात कोकराच्या पोरकेपणाचा विचार करून लिहिलेला याहून जुना राजकीय लेख क्वचितच दाखविता येईल.

अशोकाच्या धोरणाची छाया विदर्भावरही पडली होती. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडजवळ देवटेक येथे एक कोरीव शिळा सापडली. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तिचे वाचन केले. प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारी, अशोककालीन अधिकाऱ्याची आज्ञा त्यांना तीत आढळली. त्याच शिळेवर पुढे काही शतकांनी वाकाटक राजा रुद्रसेनाने आपला लेख कोरविला. छत्तीसगडच्या कलचुरींचे ताम्रपट आणि शिलालेख उलगडण्यासाठी ज्या मिराशींनी आयुष्य वेचले, त्यांच्याच हातून ही शिळाही बोलकी व्हावी, हा मोठा सुंदर योग आहे.

पण आज्ञेची धाव मारणाऱ्याच्या हातापर्यंतच. मेंढी रोगाने मेली, विताना मेली, लांडग्याने नेली किंवा तिला पान्हाच फुटला नाही, तर उघड्यावर पडलेल्या कोकराला शिळेवरचे अक्षर दूध पाजू शकत नाही. तेथे कोणीतरी खाली बसून त्याचे तोंड उघडावे लागते. हे काम पुढे दोघांनी केले, एक दानशूर व्यापाऱ्याने आणि दुसरे धनगराने. दोघांच्या पद्धती अगदी भिन्न होत्या.

व्यापाऱ्याच्या कार्याचे सर्वांत हृदयंगम चित्र एका परदेशी प्रवाशाने काढून ठेवले आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली गुजरातेत खंबायत येथे आला होता. तेथे त्याने पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले. त्या रुग्णालयात आईबाप नसलेली उंदरांची काही पिले होती. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध गृहस्थ नाकावर चष्मा चढवून, कापसात ठेवलेल्या त्या पिलांना पक्ष्याच्या पिसाने दूध पाजीत होता. पिले इतकी लहान होती, की त्यांना दुसरे काही खाताच येत नव्हते. जवळच दुसरे एक रुग्णालय होते, ते आजारी व लंगड्या शेळ्यामेंढ्यांचे आणि त्यांच्या पोरांचे. एका मोठ्या अंगणात ही जनावरे शांतपणे नांदत होती, आणि त्यांची निगा राखणारी स्त्रीपुरुष माणसे तेथेच लहान लहान खोल्यांतून राहत होती. युरोपात त्या काळी असे काही नव्हते. म्हणूनच हा प्रवासी चकित झाला आणि त्याने ते तपशिलाने लिहून ठेवले.

या परंपरेलाच पुढे पांजरापोळ हे नाव रूढ झाले. जैन आणि वैष्णव व्यापारी जेथे जेथे गेले तेथे तेथे ती गेली. मुंबईच्या पांजरापोळाची कथा सर्वश्रुत आहे. रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध १८३२ साली मुंबईत दंगल उसळली, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरापोळ उभा राहिला. पारशी आणि जैन अशा दोन भिन्न धर्मांच्या धनिकांना मुक्या प्राण्यांच्या कळवळ्याने एकत्र आणले, ही गोष्ट मुंबईच्या सामाजिक इतिहासात आवर्जून नोंदविण्यासारखी आहे.

तथापि पांजरापोळाची एक उणी बाजूही होती. तेथे आलेल्या जनावराला कोणी मारीत नसे. पण निरोगी आणि रोगी एकाच आवारात राहिल्याने रोग एकाचा दुसऱ्याला लागे, आणि दानाचा ओघ आटला की चाराही आटे. मरण टळले तरी जगणे साधतेच असे नाही. ही उणीव प्रथम भरून निघाली ती मुंबईतच. सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून परळ येथे बाई साकरबाई यांच्या नावाचे पशुरुग्णालय निघाले. त्याची कोनशिला १८८४ साली व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते बसली, आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पुढे १८८९ साली पुणे येथे जनावरांच्या साथीच्या रोगांचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली. चारच वर्षांनी ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. दानधर्माच्या अंगणात वैद्यक प्रथमच पाय ठेवीत होते.

आता दुसऱ्या हाताकडे, म्हणजे धनगराकडे वळू. त्याला रुग्णालय ठाऊक नव्हते आणि अंगणही नव्हते. त्याचा संसार घोड्याच्या पाठीवर. माण, खटाव, फलटण या कोरड्या मुलखातले धनगर पावसाळा सरला म्हणजे आपले वाडे घेऊन घाट उतरत, कोकणातील भातखाचरांत मेंढरे बसवीत, आणि पावसाच्या तोंडाशी पुन्हा वर येत. ही वहिवाट आजही मोडलेली नाही. या वाटचालीत कितीतरी मेंढ्या रस्त्यातच वितात. वितानाच आई गेली, तर कळप थांबू शकत नाही. आणि कोकरू तर चालू शकत नाही. मग ते घोड्यावरच्या संसारात, कोंबड्यांच्या आणि भांड्यांच्या शेजारी, जागा मिळवते, किंवा धनगरणीच्या झोळीत तिच्या स्वतःच्या लेकराजवळ निजते. मुक्कामावर वाघूर ताणून मेंढरे कोंडली, की लहान कोकरांना डालग्याखाली झाकतात आणि मग पोरक्याच्या दुधाची सोय पाहतात. मेंढरांच्या कळपात धनगर थोड्या शेळ्याही बाळगतो. शेळी दुसऱ्याच्या पोराला पाजून घेण्यास मेंढीइतकी नाखूष नसते. ती नाखूष असली तरी तिचे दूध काढून पाजता येते.

मेंढी मात्र या बाबतीत फार कडक. ती आपले पोर ओळखते ते वासाने. विल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ती ओले कोकरू चाटते आणि त्याचा वास तिच्या मनात पक्का बसतो. त्या वेळेनंतर दुसरे कोकरू कासेजवळ आले, तर ती त्याला डोक्याने ढकलून देते. म्हणून जगभरच्या मेंढपाळांनी तिला समजावण्याच्या युक्त्या शोधल्या. जिचे पोर मेले आहे अशी मेंढी आणि जिची आई मेली आहे असे कोकरू यांची गाठ घालून द्यावयाची, हे त्या युक्त्यांचे सूत्र. इंग्लंड-स्कॉटलंडकडील मेंढपाळ मेलेल्या कोकराचे कातडे सोलून ते पोरक्या कोकराच्या अंगावर सदऱ्यासारखे चढवीत. आपल्या पोराचा वास येताच मेंढी परक्याला जवळ घेई; आणि चारदोन दिवसांनी तिचेच दूध त्याच्या अंगात मुरले, की कातडे काढून टाकले तरी चाले. आपल्याकडे म्हशीला पान्हा फुटावा म्हणून भुसा भरलेले वासराचे कातडे तिच्यापुढे ठेवीत, त्याचीच ही आठवण करून देणारी रीत. भेद एवढाच, की तिकडे त्या कातड्याखाली जिवंत पोर होते. जेथे ही युक्ती नाही तेथे मेंढीचा पाय धरून कोकराला कासेला लावतात, दिवसातून चारसहा वेळा, मेंढीचे मन वळेपर्यंत.

या हातात दया होती की हिशेब होता, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. धनगराचे पोट कोकरांच्या विक्रीवर चालते. जे कोकरू तो वाचवितो तेच काही महिन्यांनी तो बाजारात विकतो. व्यापाऱ्याच्या पांजरापोळाला हे मान्य होणार नाही. परंतु मेंढीची वेळ, तिचा वास, तिचा स्वभाव यांची जी जाण धनगराच्या बोटांत होती, ती पांजरापोळाच्या विश्वस्तांजवळ नव्हती. आणि पहिल्या रात्री कोकराला जगवते ती ही जाण.

जनावर आणि त्याला जाणणारा माणूस यांची ताटातूट झाली म्हणजे काय होते, हे रायपूरच्या मुलखाने १९२० साली पाहिले. रायपूर एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होते. १८१८ नंतर कर्नल अ‍ॅग्न्यू याने छत्तीसगडचा कारभार रतनपूरहून येथे हलविला, आणि १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर तो सर्वस्वी इंग्रजांकडे गेला. त्या काळच्या रायपूर जिल्ह्यात, धमतरीजवळ, कंडेल नावाचे गाव आहे. कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने गावावर दंड बसविला. पंडित सुंदरलाल शर्मा, छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी दंड भरण्याचे नाकारले. तेव्हा सरकारने त्यांची गुरे जप्त केली आणि ती लिलावासाठी बाजारोबाजार हिंडविली. एकाही बाजारात कोणी बोली बोलले नाही. शेजाऱ्याचे जनावर स्वस्तात घेण्याचा मोह कोणालाही झाला नाही, हा त्या सत्याग्रहाचा नैतिक विजय. पण विजयाची किंमत मुक्या जनावरांनी मोजली. चारापाण्याची नीट व्यवस्था नसल्याने ती आजारी पडू लागली, काही मेली. महात्मा गांधींच्या आगमनाची वार्ता आली, सरकारने माघार घेतली, आणि जनावरे आपापल्या गोठ्यांत परतली. आजारी जनावराचे खरे पुनर्वसन म्हणजे काय, याचा उलगडा या प्रसंगाने होतो. त्याला जाणणाऱ्या हातांत त्याला परत सोपविणे, हेच ते पुनर्वसन.

दयेच्या मर्यादेचा प्रश्न गांधीजींपुढे आठ वर्षांनी फार कठोर रूपाने उभा राहिला. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते. उपचारांची आशा संपली, तेव्हा गांधीजींच्या संमतीने त्याला इंजेक्शन देऊन मरण देण्यात आले. देशभर वादळ उठले. रागाच्या पत्रांचा पाऊस पडला. गांधीजींनी त्या कृत्याचे समर्थन अहिंसेच्याच भूमिकेवरून केले. त्यांचे मत पटो वा न पटो, त्यांनी विचारलेला प्रश्न टाळता येत नाही: आपण ज्याला वाचविणे म्हणतो, ते त्या जिवासाठी आहे की आपल्या मनाच्या समाधानासाठी? गोशाळा आणि पांजरापोळ जाणत्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालले पाहिजेत, असा आग्रह ते वारंवार धरीत, तोही याच विचारातून. त्यांच्या प्रेरणेने पुढे वर्धा येथे जमनालाल बजाज यांनी गोसेवेचे कार्य अंगावर घेतले, तेव्हा श्रद्धेबरोबर शास्त्राचाही आधार घ्यावयाचा, हे सूत्र ठरून गेले होते.

शास्त्राने या काळात काय मिळविले होते? १९२२ साली थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल या दोन अमेरिकन संशोधकांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही वासरांना त्यांनी आईचा चीक पाजला, काहींना पाजला नाही. ज्यांना चीक मिळाला नाही ती बहुतेक सगळी काही दिवसांतच जंतुविकाराने मेली. रोगांशी झुंजणारी द्रव्ये माणसाच्या मुलाला आईच्या उदरातच रक्तावाटे मिळतात. गाय, शेळी, मेंढी यांच्या पोरांना ती तशी मिळत नाहीत. ती मिळतात केवळ चिकातून. आणि हा चीक अंगी लागण्याची मुदतही फार थोडी असते. जन्मानंतर सुमारे एक दिवस उलटला, की आतड्याचे ते दार बंद होते. मग कितीही दूध पाजले तरी पोट भरेल, पण ते कवच लाभणार नाही. गायम्हैस व्याली म्हणजे खरवसाच्या आवडीने पहिल्या चिकावर माणसाची दृष्टी आधी जाते. त्या चिकावर खरा हक्क कोणाचा, हे या संशोधनाने निर्विवाद केले. दुसऱ्यांदा धार काढणाऱ्याला दंड सांगणाऱ्या जुन्या शास्त्रकाराला हे कारण माहीत नव्हते. पण त्या दिशेची काही जाण त्याला असावी.

पोरक्या कोकराच्या बाबतीत शास्त्राने आणखी एक गोष्ट शिकविली, आणि ती दयाळू माणसाला चटकन न सुचणारी आहे. निरोगी कोकराच्या अंगाची ऊब १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. आई नसली, अंग कोरडे झाले नाही, वारा लागला, की ती झपाट्याने उतरते. त्याच्या तोंडात बोट घालून पाहावे; तोंड थंड लागले तर ते संकटात आहे असे समजावे. अशा वेळी कळवळ्याने त्याच्या तोंडात दूध ओतणारा माणूस बहुधा त्याचा जीव घेतो. गारठलेल्या कोकराला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात उतरते. आधी त्याला पुसून कोरडे करावयाचे, ऊब द्यावयाची, आणि ते मान धरू लागले, चोखू लागले, म्हणजे मग थोडा थोडा चीक. आपल्या आईचा नसेल तर दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा. गाईचे दूध मेंढीच्या दुधाहून पातळ. म्हणून एकदम पोटभर पाजण्यापेक्षा वारंवार आणि बेताने पाजावयाचे. नाळेला औषध लावावयाचे. हे सारे साधे आहे. पण त्याचा क्रम चुकला तर हिराबांधच्या खांबाची गत होते. ओलीतून वर काढलेला ठेवा उन्हाने जातो.

कोकरू पोरके होण्याचे मूळ कारण आईचा मृत्यू. म्हणून आई वाचविणे हाच कोकरू वाचविण्याचा राजमार्ग, हा धडाही वैद्यकाने दिला. शेळ्यामेंढ्यांच्या ज्या साथीला पी. पी. आर. म्हणतात, ती भारतात १९८७ साली तामिळनाडूत प्रथम ओळखली गेली. या साथीने कळपच्या कळप आजारी पडत आणि जी पोरे रोगातून उरत ती उपासाने जात. तिच्यावरची लस या देशातच, मुक्तेश्वरच्या त्याच जुन्या संशोधनसंस्थेत सिद्ध झाली, आणि २०३० सालापर्यंत ही साथ जगातून नाहीशी करण्याचा संकल्प आंतरराष्ट्रीय संघटनांनी सोडला आहे. गुरांची बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले, त्यामुळे हा संकल्प अगदीच स्वप्नवत नाही.

शास्त्र आणि धनगर यांची गाठ महाराष्ट्रात पडली ती फलटण येथे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. दख्खनी मेंढीला सामान्यतः एका वेळी एकच कोकरू होते. बंगालच्या सुंदरबनातील गरोळ नावाची लहानखुरी मेंढी मात्र जुळी देते. तिच्यातील हा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचे काम डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या व ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या साह्याने हाती घेतले, आणि त्यातून ‘सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. परंतु दोन कोकरे झाली म्हणजे एका नव्या पोरकेपणाचा प्रश्न उभा राहतो. एकाला पुरेल एवढाच पान्हा असलेल्या आईजवळ धाकटे, दुबळे कोकरू आई जिवंत असूनही उपाशी राहते. म्हणून नुसते बीज देऊन भागत नाही. गाभण मेंढीला पुरेसा चारा, धाकट्या कोकराला वरचे दूध आणि वेळेवर औषधपाणी हेही द्यावे लागते. जे धनगरांच्या कुटुंबांना जमेल तेच टिकेल, हे ओळखून संस्थेने हे काम त्यांच्या कळपांतच केले. विद्येने येथे आज्ञा केली नाही, दानही केले नाही. ती जाणत्या हाताच्या शेजारी येऊन बसली.

रायपूरच्या आसमंतात आजही मेंढरांचे कळप दिसतात. छत्तीसगड हा भाताचा आणि पावसाचा मुलूख. ओल्या रानात मेंढीचे खूर कुजतात, पोटात जंत होतात. येथील गरिबाचे जनावर म्हणजे छेरी, म्हणजेच शेळी. तरीही कच्छकडचे रबारी उंट आणि मेंढ्या घेऊन विदर्भ ओलांडून या प्रदेशापर्यंत येतात. त्यांच्या उंटांच्या पाठीवर बाजा, भांडी आणि अंथरुणे लादलेली असतात. आणि त्यांच्यामध्ये, झोळीतून तोंड बाहेर काढून, चालू न शकणारी कोकरे बसलेली असतात. रायपूरपासून दूर नसलेल्या दुर्गजवळच्या अंजोरा येथे १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. उंटावरची झोळी आणि अंजोऱ्याची प्रयोगशाळा यांच्यामधले अंतर जितके कमी होईल, तितकी अधिक कोकरे सकाळ पाहतील.

आजारी, पोरके कोकरू वाचले असे केव्हा म्हणावयाचे? त्याने डोळे उघडले म्हणजे नव्हे. बाटलीतून दूध प्याले म्हणजेही नव्हे. माणसाच्या पायात घोटाळणारे, कळपापासून दूर राहणारे कोकरू अर्धेच वाचलेले असते. ते इतर मेंढरांबरोबर चरू लागते, वादळात त्यांच्यात शिरून उभे राहते, आणि एके दिवशी त्याला ज्याने पाजले त्यालाही ते कळपात पटकन ओळखू येत नाही, तेव्हा ते वाचलेले असते. अशोकाची आज्ञा दगडावर राहिली आणि जमशेटजींचे नाव मुंबईच्या इतिहासात राहिले. खंबायतच्या त्या चष्मेवाल्या वृद्धाचे आणि झोळीत कोकरू घेऊन घाट उतरणाऱ्या धनगरणीचे नाव मात्र कोठेही कोरलेले नाही. त्यांची खूण चालत्या कळपातच राहिलेली आहे.